नानांनी निवडलेले मशीन

नाना सकाळी उठून खळ्यात आले की जी वस्तू आधी हाताशी येईल तिच्यावरून उजव्या हाताचे बोट फिरवत आणि ते जिभेला लावत. कधी मोटारसायकलची टाकी, कधी खिडकीचा गज, कधी पडवीत लाकडी घोड्याला अडकवलेले होडीचे इंजिन. समुद्र घरामागे, सुरूच्या बनापलीकडे. नाना त्याच्याकडे बघतही नसत. बोटाची चव घेऊन सांगत, "आज वारो खारो आसा." मग खांद्यावरचे फडके काढून इंजिन पुसत, मोटारसायकल पुसत, आणि तेवढ्यावर समाधान झाले नाही तर बायकोचा, म्हणजे सीताकाकूंचा मिक्सरही पुसायला घेत. काकू आतून म्हणत, "त्याका डिझेलचो हात लावू नकात हां. काल चटणीक वास मारत होतो."

त्यांचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये एक वय आहे, आणि त्या कुंपणात माणूस जाईल एवढी फट. फटीतून आमच्याकडचे ताक तिकडे जाई आणि तिकडचे म्हावरे आमच्याकडे येई. मी नानांना लहानपणापासून बघत आले ते त्या फटीतूनच. आमच्या तोंडवली गावात त्यांना सगळे नानाच म्हणत. तरुणपणी काही वर्षे ते रत्नागिरीकडच्या ट्रॉलरवर होते. मुलगा गुरुप्रसाद जन्मला तेव्हाही ते दर्यावरच होते, आणि त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो बसायला लागला होता. पुढे त्यांनी स्वतःची छोटी होडी केली. गुडघा धरल्यावर होडी दुसऱ्याला दिली, इंजिन मात्र ठेवले. ते पडवीत होते आणि रोज पुसले जात होते.

गुरू डीजे झाला. म्हणजे व्हायचे होते त्याला. आमच्याकडे डीजे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत आणि छातीत बसणारे धक्के येतात. गुरूला ते नको होते. दोन लहान स्पीकर, संध्याकाळचा किनारा, तीस-चाळीस माणसे, आणि एका गाण्यातून दुसरे गाणे कधी सुरू झाले ते कोणाला कळू नये, असे काहीतरी त्याच्या मनात होते. त्याने नानांच्या इंजिनाचा आवाज मोबाइलवर घेऊन त्याचा ठेका केला होता. एकदा नानांच्या कानांना इयरफोन लावून त्याने तो ऐकवला. मी पडवीतच होते. नानांनी डोळे मिटून ऐकले.

"इंजिन कोणाचां?"

"तुमचांच, नानानू."

"माजां नाय. ह्यां मधीच अडकता. प्लग गेलोहा ह्याचो."

"अडकत नाय, मी तोडलंय. नाचूक होयां म्हणान."

"चालू इंजिन तोडलंस?" नाना काकूंकडे वळले. "आयकलंस गो? मी जन्मभर जोडलंय, आणि ह्यो तोडता."

पण इयरफोन त्यांनी लगेच काढून दिला नाही.

गुरूकडे स्वतःचा संगणक नव्हता. मित्राचा लॅपटॉप तो मागून आणी. दिवसा त्यावर मित्राचे हिशेबांचे काम चाले, संध्याकाळी गुरूची गाणी. एकदा आचऱ्याला एका हळदीत नवरी पाटावर बसलेली, बायकांनी फेर धरलेला, आणि गाणे एकदम थांबले. पडद्यावर निळी पाटी आली, की दुरुस्ती चालू आहे, बंद करू नये. सगळे तसेच उभे. नवरीची आत्या हळदीचा हात तसाच धरून म्हणाली, "मशीन झोपलां काय रे? अंगाई म्हणूची काय?" ते हसणे गुरूच्या पुष्कळ दिवस कानात राहिले.

त्याच सुमारास ओंकारने त्याला बोलावले. ओंकार तोंडवलीच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर. तो म्हणाला, "पुढच्या हंगामात दर शनिवारी संध्याकाळी तू वाजव. पण मशीन स्वतःचं आण, आणि मधे थांबणार नाही असं आण. आमचे पाहुणे हळदीचे नाहीत, वाट बघत बसणार नाहीत. दिवाळीनंतर एका शनिवारी ऐकतो, मग ठरवू."

हे जमले असते तर गुरू गावात राहिला असता. नाही तर गोव्याला जायचे होते. तिथे एक ओळखीचा त्याला बोलावत होता, दुसऱ्या डीजेच्या वायरी जोडायला. घरात हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणी त्यावर बोलत नव्हते. नानांनी एक दिवस इंजिन पुसले, नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसले, आणि दुपारी सर्जेकोटचा एक माणूस येऊन ते घेऊन गेला. गुरू आला तेव्हा लाकडी घोडा रिकामा होता.

"नानानू, इंजिन?"

"एक मशीन गेलां. आता एक येतलां. संध्याकाळी घराक जेवूक येतलंस मां, मग झालां."

गुरू काही बोलला नाही. पुढे तो ज्या ज्या वेळी गप्प बसला त्याचे मूळ मला त्या रिकाम्या घोड्यापाशी दिसते.

डीजेला कसला संगणक लागतो हे त्या दिवसांत आमच्या दोन्ही घरांना पाठ झाले. वेगवान हवा, कारण एक गाणे चालू असताना दुसरे त्याच्या शेजारी तयार ठेवायचे, त्याची चाल पहिल्याशी जुळवायची, आणि हे करताना आवाजात केसाएवढीही फट पडू द्यायची नाही. वायरी जोडायला पुरेशा जागा हव्यात. आणि तापता कामा नये, तापला की तो आपोआप मंद होतो आणि आवाज तुटतो. गुरूने नानांना सांगितले, "दोन होडये एका लाटेर आणूचे, आणि पयल्यातसून दुसऱ्यात उडी मारूची."

"आणि मशीन थांबलां तर?"

"तर मी पाण्यात."

"म्हणजे आमचोच धंदो," नाना म्हणाले. त्यांना ते मनापासून आवडले.

गुरूने एक पाहून ठेवला होता. गोव्याच्या एका डीजेचा, वापरलेला. पातळ, धातूचा, आत पंखाच नसलेला. नवा घेणे हाताबाहेरचे होते, पण हा जमत होता. तो मुलगा सावंतवाडीकडे येणार होता, म्हणून इन्सुलीला, तपासणी नाक्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर भेटायचे ठरले. मला सावंतवाडीच्या कॉलेजात काम होते, त्यामुळे त्यांच्या भाड्याच्या गाडीत मीही होते.

तो मुलगा चांगला होता. त्याने टेबल स्वतः पुसले, लॅपटॉप उघडला, दोन गाणी एकात एक मिसळून दाखवली. झाकणावर लाल माशाचे चित्र चिकटवलेले होते, त्याचे शेपूट निघून गेलेले. "खूब वर्सां वाजयलां," तो म्हणाला, "एक दीस बंद पडूंक ना." गुरूचा चेहरा मला अजून आठवतो. जे हवे होते ते समोर आल्यावर माणूस जरा घाबरतो, तसा.

नानांनी झाकणावरून बोट फिरवले आणि जिभेला लावले.

"अंकल?" तो मुलगा म्हणाला.

"मीठ आसा," नाना गुरूला म्हणाले.

"किनाऱ्यार वाजवता तो, नानानू. मीठ आसतलांच."

"भायर इतक्यां आसा, तर आत किती आसात?"

"आत जावक ह्याका वाटच नाय. पंखो नाय, काय नाय. आणि आपुण खंय वापरतलंव? किनाऱ्यारच मां? ह्यां थंय टिकलांहा."

"टिकलां म्हणजे त्याचां आयुष्य सरलां," नाना म्हणाले. "दुसऱ्याचां इंजिन घेतलां की त्याचां दुखणां पण घेवचां लागता. मी फसलंय मरे एकदा." मग त्या मुलाकडे वळून ते जमेल तशा मराठीत म्हणाले, "हे एक दिवस आमच्याकडे ठेवा. दिवसभर चालवून बघतो. इंजिन आम्ही पिंपातल्या पाण्यात चालवून बघतो तसं."

त्या मुलाने लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला. पाण्याचे ऐकून ओढला असावा. संध्याकाळी त्याला त्याच लॅपटॉपवर वाजवायचे होते, ठेवून जाणे शक्य नव्हते.

गुरू थोडा वेळ त्या शेपूट नसलेल्या माशाकडे बघत राहिला. मग झाकण त्याने स्वतःच मिटले. इंजिन नानांचे गेले होते. त्या पैशांवर त्याला नानांच्या विरुद्ध बोलवेना. गाडीत बसल्यावर तो फक्त एवढेच म्हणाला, "तां बरां होतां." नाना म्हणाले, "बरां दिसत होतां."

परत येताना कुडाळला दुकानात गेलो. संचिता नावाची मुलगी लॅपटॉप दाखवत होती. ती आकडे सांगायची, गुरू मान हलवायचा, आणि नाना एकेक लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून वजन घ्यायचे, सुरमई घेतात तसे.

"काका, हे हलकं आहे. न्यायला-आणायला बरं पडेल," संचिता म्हणाली.

"हलकं नको. वारं आलं तर उडेल."

"यात पंखे दोन आहेत. लवकर तापत नाही."

नानांनी कान लावला. आत बारीक घरघर होती. ते खूश झाले. "ह्यां श्वास घेता," ते गुरूला म्हणाले. "आणि दोन आसत. एक बंद पडलो तर दुसरो."

"तसां नसता, नानानू," गुरू म्हणाला. पण हसला. जड, काळा, नवा कोरा लॅपटॉप खोक्यात गेला. नानांनी खोके तोंडवलीपर्यंत मांडीवर धरले. एप्रिलचे ऊन होते आणि किनारा जवळ आला तशा त्यांनी गाडीच्या काचा वर करायला लावल्या. आत आम्ही सगळे घामाने निथळत होतो. नाना म्हणाले, "पयल्याच दिसाक मीठ कित्याक?"

तो उन्हाळा चांगला गेला, हे लिहायलाच हवे. लग्नसराईत गुरूने गावोगावच्या हळदी वाजवल्या आणि मशीन एकदाही थांबले नाही. नाना जवळपासच्या हळदींना जात, मांडवाच्या कडेला खुर्ची घेऊन बसत आणि कोणी विचारले नाही तरी सांगत, "मी निवडलंय तां." सकाळच्या फेरीत आता लॅपटॉपही आला होता. झाकणावर बोट, बोट जिभेला. त्याचे फडके वेगळे होते, डिझेल न लागलेले, काकूंच्या एका जुन्या पातळाचे. गुरू अंथरुणातून म्हणायचा, "नानानू, त्याका नमस्कार करा आणि सोडा."

पावसाळ्यात कामे नसतात. गुरू कुडाळला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात मदतीला गेला. लॅपटॉप पिशवीत घालून त्याने कपाटात ठेवला. आषाढात कपाटातले कपडे दमट झाले आणि पिशवीच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आली. नानांनी ती पाहिली. त्यांच्याकडे याला एक जुना उपाय होता. इंजिनाचे सुटे प्लग ते वर्षानुवर्षे फडक्यात बांधून तांदळात पुरून ठेवत. तांदूळ दमटपणा ओढून घेतो. प्लग कधी गंजले नव्हते. त्यांनी लॅपटॉप स्वच्छ धोतरात गुंडाळला आणि उकड्या तांदळाच्या पिंपात उभा केला.

आठवड्यातून एक-दोनदा ते तो बाहेर काढत, चालू करत, श्वास ऐकत, आणि पुन्हा गुंडाळून आत ठेवत. धोतर विरळ होते. उकड्या तांदळाचा तांबूस कोंडा त्यातून आत जातो, आणि चालू केल्यावर पंखे तो आणखी आत ओढून घेतात, हे त्यांच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. प्लगला तोंड नसते. काकू भातासाठी तांदूळ काढायला गेल्या की म्हणत, "तुमच्या सुनेक वायच बाजूक करा." नाना म्हणत, "हळू काढ. निजलीहा ती."

चतुर्थीला गुरू येण्याआधी लॅपटॉप पुसून पिशवीत परत गेला. गुरूला त्याच्या बटणांच्या फटीत तांदळाचा एक दाणा सापडला. त्याने तो उचलून दाखवला. "आये, ह्याच्यार बसान कोण जेवलो?"

काकूंनी नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, "मशीन बरां आसा मां?"

"आसा."

"मग."

लपवावे असे त्यांना काही वाटले नव्हते. आपण जपले, एवढेच त्यांच्या लेखी झाले होते, आणि जपल्याचे सांगून काय दाखवायचे?

दिवाळीनंतरचा तो शनिवार. सूर्य सुरूच्या शेंड्याखाली उतरला होता. पाहुणे वाळूत अंथरलेल्या चटयांवर बसले होते, आणि दोरीपलीकडे गावातली आम्ही काही जण. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकू आचऱ्याचा बाजार लवकर आटोपून आल्या होत्या. गुरूने पहिल्यांदा तेच लावले, नानांचे इंजिन. ते आधी लांबून आल्यासारखे, मग जवळ. दोन मुली उठून नाचू लागल्या. ओंकारने लांबून अंगठा दाखवला.

मग पंखे ओरडू लागले. आम्हाला ते लाटांच्या आवाजात ऐकू आले नसते, पण गुरूची मान वळलेली दिसली. ठेका अडखळला.

"अडकता," नाना म्हणाले.

"तो तोडता, मुद्दाम," काकू म्हणाल्या. "तुमीच सांगलास मां."

नानांनी मान हलवली. "ह्यां त्याचां नाय."

आवाज पुन्हा तुटला, पुन्हा आला, आणि गेला. पडदा काळा झाला. गुरू बटण दाबून धरत होता. किनाऱ्यावर समुद्राशिवाय काही ऐकू येईना. नाचणाऱ्या मुली थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग खाली बसल्या. कोणी वाईट बोलले नाही. ओंकारने आपला मोबाइल स्पीकरला जोडला आणि कुठलीशी गाणी लावली. गुरूने वायरी सोडवल्या, एकेक नीट गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन मालवणला दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुपारी परत आला तेव्हा नाना पडवीत जाळे शिवत बसले होते. मी वयीच्या फटीत होते, हातात ताकाचा तांब्या. गुरूने खिशातून कागदाची पुडी काढली आणि नानांपुढे उघडून ठेवली. आत तांबूस, चिकट गोळा होता.

"पंख्यांतसून काढल्यान," गुरू म्हणाला. "काय तां वळखतास?"

नानांनी पुडी जवळ ओढली.

"चाटून बघा, नानानू. रोज चाटतास तसां."

त्याचा आवाज चढला नव्हता. नानांनी सुतळीची सुई खाली ठेवली, गोळ्याला बोट लावले आणि जिभेवर ठेवले. त्यांनी ते इतक्या साधेपणाने केले की गुरूने नजर वळवली.

"कोंडो," नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मीठ पण आसा."

"इन्सुलीक मी सांगलंय तुमका. तेव्हाच सांगलंय. तुमका ह्यातलां काय कळता?"

काकू दारात आल्या. त्यांनी तांदळाचे सगळे सांगितले, पिंपाचे, धोतराचे, बुरशीचे. मध्ये मध्ये त्या थांबत, नाना काही बोलतील म्हणून. नानांनी जाळे मांडीवर घेतले होते, पण टाका घालत नव्हते.

गुरूचे काही चुकले नव्हते. इन्सुलीचे मशीनच घ्यायला हवे होते, तांदळात ठेवायला नको होते, विचारायला हवे होते. प्रत्येक गोष्ट त्याने बरोबर सांगितली. पुढे एकदा तो मला म्हणाला, "माजां खोटां ठरलां असतां तर बरां झालां असतां. माफी मागूक तरी जागा रवली असती."

ओंकारने शनिवार कणकवलीच्या एका मुलाला दिले. लॅपटॉप साफ झाला होता, पण कधी चाले, कधी तापून बंद पडे. त्याच्या भरवशावर कोणाकडे जाता येत नव्हते. गुरू त्याला घरी ठेवून गोव्याला गेला. निघताना तो काकूंच्या पाया पडला, नानांच्याही पडला. नाना म्हणाले, "सांभाळून." दोघांनाही त्याहून जास्त काही जमले नाही.

तिथे तो दुसऱ्याच्या वायरी जोडू लागला. एका संध्याकाळी किनाऱ्यावरच्या कुठल्याशा शॅकवर टेबल लावताना त्याला शेजारच्या टेबलावर लाल मासा दिसला, शेपूट नसलेला. लॅपटॉप उघडा होता, वारा समुद्रावरून सरळ त्याच्यावर येत होता आणि तो वाजत होता. हे त्याने मला सांगितले, घरी सांगितले नाही.

इकडे नाना सकाळी उठून खळ्यात येत आणि उभे राहत. हात पाठीमागे, एका हाताचे मनगट दुसऱ्या हातात धरलेले. वारा खारा आहे की नाही ते सांगत नसत. मोटारसायकलच्या टाकीवर तांबूस ठिपके आले. काकू एकदा म्हणाल्या, "पुसा मां वायच." नाना म्हणाले, "आसांदे." डिझेलचे फडके दांडीवर वाळून कडक झाले होते. काकूंनी ते शेवटी चुलीत घातले आणि मग पुष्कळ वेळ चुलीपुढे बसून राहिल्या.

गुरू रोज काकूंना फोन करी. नाना जवळच बसलेले असत. काकू फोन पुढे करत, तर ते हाताने नको म्हणत आणि कान तिकडे ठेवत. गुरू विचारी, "नाना काय करतत?" काकू सांगत, "हंयच आसत." असे तीन-चार महिने गेले. शिमग्याला यायचे गुरूने ठरवले होते. नीट बसून बोलायचे असे त्याच्या मनात होते, हे तो आता सांगतो.

शिमग्याच्या आधीच, एका दुपारी, नाना जाळे शिवता शिवता भिंतीला टेकले. काकूंना वाटले डोळा लागला.

गुरू संध्याकाळी पोचला. सगळे आटोपल्यावर, पुढच्या दिवसांत कधीतरी, त्याने फळीवरून लॅपटॉप काढला. तो धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला होता, चारी बाजूंनी सुतळीने शिवून घेतलेला, जाळ्याच्या टाक्याने. आत कशालाही वाट नव्हती. गुरूने टाका उसवला नाही. तो तसाच फळीवर आहे.

नाना गेले त्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या पडवीत होते. काकू बाजारात गेल्या होत्या आणि फोन घरीच विसरल्या होत्या. तो वाजला. पडद्यावर गुरूचे नाव होते. मी म्हटले, "नानानू, गुरूचो फोन." ते जाळ्यातून माशाचे खवले आणि शेवाळ काढत होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, काकू कुठूनतरी येतील असे. मग फोन दोन बोटांनी कडेला धरला, कानापासून वीतभर लांब. त्यामुळे मला दोघांचेही ऐकू आले.

"आवस बाजारात गेलीहा," नाना म्हणाले.

गुरूला नानांचा आवाज अपेक्षित नव्हता.

"जेवलंस?" नानांनी विचारले.

"होय. तुमी?"

"जेवलंय. बांगडो होतो."

लांबून कुठेतरी ढोलाचा सराव चालला होता, तो दोन्हीकडून ऐकू येतो की काय असे वाटले.

"नानानू," गुरू म्हणाला, "त्या दिसाक मी..."

नानांनी फोन आणखी थोडा लांब धरला आणि त्याच्यावर काही लागले तर नाही ना, ते बघितले.

"बरां, ठेव आता," ते म्हणाले. "माजे हात खारे आसत. आवशीचो फोन खराब होतलो."